चार वाजताचा गणिताचा तास

आमच्या गणिताच्या सरांविषयी मी कुणापाशी वाईट बोलत नाही. लोकांना वाटतं, काय गुणी शिष्य आहे. गुणी वगैरे काही नाही. सरांविषयी बोलायला तोंड उघडलं की पाठोपाठ स्वतःविषयीही बोलावं लागतं, म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो. गप्प बसल्यानं राग ओसरतो असं जे म्हणतात, ते साफ खोटं आहे.

नव्वदच्या दशकात मी राजुरीच्या हायस्कुलात होतो. सर बारा महिने पांढरा फुल शर्ट घालत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि खडूला कागद गुंडाळून धरत. त्यांचं एकच म्हणणं असे, "उत्तर चुकलं तरी चालेल, पायरी गाळायची नाही." उत्तर बरोबर, पण मधली पायरी गाळलेली असली की सर सरळ शून्य द्यायचे. असे तीन-चार भोपळे पदरात पडल्यावर मला अक्कल आली.

माझे वडील कालव्यावर पाटकरी होते. पाटाचं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं ते बघायचं आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, असं ते काम. दहावीनंतर मलाही त्याच खात्यात रोजंदारीवर चिकटवायचं त्यांच्या मनात होतं. हे सरांच्या कानावर गेलं आणि एका रविवारी सर आमच्या वस्तीवर आले. गावातली मंडळी आमच्याकडं यायची, नाही असं नाही, पण अंगणात उभ्यानं बोलून जायची. सर आत आले, बुद्धाच्या फोटोखालच्या खाटेवर बसले, चहा घेतला आणि आईला म्हणाले, "वहिनी, आणखी अर्धा कप असंल तर द्या." मग वडलांना म्हणाले, "ह्याला कालव्यावर बसवू नका. ह्याला शिकवा, मी सांगतोय." कालव्याचा विषय तिथंच संपला आणि मी डिप्लोमाला गेलो. त्या अर्ध्या कपाचं कौतुक आई पुढं कित्येक वर्षं करत होती. हे एवढ्यासाठी सांगितलं की माझा सरांवरचा विश्वास काही आंधळा नव्हता. त्याला कारण होतं.

डिप्लोमा झाल्यावर पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्त करत मी सहा वर्षं काढली. तिथंच एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मला लिनक्स नावाच्या कॉम्प्युटर-प्रणालीचं वेड लागलं. ते फुकट मिळतं एवढंच त्याचं कौतुक नव्हतं. आत काय लिहिलंय ते कुणालाही उघडून वाचता येतं, पटलं नाही तर बदलता येतं, याचं मला मोठं अप्रूप. ज्यात झाकून ठेवलेलं काही नाही त्यात लबाडी शिरणार कुठून, असा माझा भाबडा सिद्धांत होता आणि तो मी भेटेल त्याला ऐकवायचो. पुण्याचा कंटाळा आल्यावर आळेफाट्याला दोन खोल्या घेऊन कॉम्प्युटर क्लास आणि सायबर कॅफे टाकला, आणि तिथंही तेच ऐकवायला लागलो.

आळेफाट्यावरून नगरच्या रस्त्यानं राजुरी, बेल्हे मागं टाकून घाट चढलं की आणे गावाचं पठार लागतं. वर पाणी कमी, गाड्या त्याहून कमी. तिथं बदली झालेला मास्तर पहिल्या दिवसापासून खाली उतरायच्या खटपटीला लागतो. आण्याच्या हायस्कुलातले गणिताचे मास्तर असेच उतरून गेले होते आणि दुसरे येत नव्हते. तिथले हेडमास्तर शाळेचे कागद छापून घ्यायला माझ्याकडं यायचे. एकदा वैतागून म्हणाले, "भाऊ, तुमच्या ह्या डब्यात समदं मिळतं म्हणत्यात. एखादा गणिताचा मास्तर मिळतो का बघा की."

ते चेष्टेनं बोलले. मी ते डोक्यात घेतलं. दोन हजार सात-आठच्या सुमाराची ही गोष्ट. समोरासमोर दिसून बोलायची यंत्रं तेव्हा कंपन्या विकत असत, पण त्यांच्या किमती ऐकून हेडमास्तरांनी कानाला हात लावला असता. इंटरनेटवरून करावं तर माझ्या कॅफेतली लाइनच दिवसातून चारदा मान टाकायची. पण या कामासाठी मोकळं, म्हणजे लिनक्ससारखं आतून उघडं, सॉफ्टवेअर निघालं होतं, ते आपल्याच एखाद्या कॉम्प्युटरवर चढवता यायचं. तो कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर. नळाला पाणी येत नाही म्हणून माणूस आपल्या रानात विहीर काढतो, तसंच हे. एका बाजूला कॅमेऱ्यापुढं मास्तर, दुसऱ्या बाजूला पडद्यापुढं मुलं आणि मध्ये आपलाच सर्व्हर. इंटरनेट आलं काय आणि गेलं काय, आपल्याला सोयरसुतक नाही.

मास्तर कोण, हा प्रश्नच नव्हता. सर नुकतेच रिटायर झाले होते. मी विचारल्यावर म्हणाले, "अरे, घरात बसून मी भिंतीवरच्या पाली मोजतोय. तू कर काय करायचं ते, मी उभा राहतो." काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, पुढची खोली रिकामी करून दिली. पुण्यातल्या एका ऑफिसनं भंगारात काढलेला कॉम्प्युटर आणून मी तिथं सर्व्हर उभा केला, समोर एक लहान फळा टांगला. सरांच्या गच्चीवर चित्र-आवाज हवेतून पाठवणारी एक जाळीची डिश, घाटमाथ्यावर एका शेतकऱ्याच्या गोठ्यावर दुसरी आणि आण्याच्या शाळेच्या छपरावर तिसरी. गोठेवाल्याची एकच अट होती, "म्हशी बुजल्या नाय पायजेत." म्हशी बुजल्या नाहीत. वाऱ्यानं डिश मात्र सारखी फिरायची, आणि मी मोटरसायकलवर घाट चढून ती पुन्हा राजुरीकडं वळवायचो.

पहिल्या दिवशी आण्याच्या वर्गातल्या पडद्यावर सर उमटले, खडू उचलून "बसा" म्हणाले आणि पोरं खरंच बसली. हेडमास्तर ओरडले, "आरं, सर तर वर्गातच आले राव!" मला त्या वेळी जे वाटलं ते नंतर कशानंच वाटलेलं नाही.

तासाची वेळ चारची ठरली, कारण भारनियमनाच्या वेळापत्रकात दोन्ही गावांची वीज एकदम असायची ती चार ते पाच. आमची हवेतली लाइन बारीक होती. सरांचं चित्र आणि आवाज वर जायचा, पण वरून खाली फक्त लिहिलेलं यायचं. प्रश्न पडला की पोरांपैकी एकानं तो टाइप करायचा, इंग्रजी अक्षरांत मराठी, आणि सर तो वाचून उत्तर द्यायचे. मुलं सरांना दिसत नसत. सर म्हणाले, "चालेल. मागच्या बाकावरची पोरं तशीही मला कधी दिसली नाहीत."

वरची वीज मध्येच गेली तर तास बुडू नये म्हणून मी सर्व्हरवर रेकॉर्डिंग चालू केलं. प्रत्येक तास आपोआप नोंदला जायचा आणि एक बटण दाबलं की तोच तास पुन्हा वरच्या वर्गात दाखवता यायचा. हे बटण मीच सरांना शिकवलं, कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. रेकॉर्ड केलेला तास चालू असताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक लाल पट्टी दिसायची, की हे थेट नाही, आधीचं आहे. वर्ष संपता संपता सर म्हणाले, "ती पट्टी फळ्यावरची पहिली ओळ खाते. काढता येईल का रे?" मला गुदगुल्याच झाल्या. मोकळं सॉफ्टवेअर म्हणजे काय ते सरांना दाखवायची ही संधी होती. एक संध्याकाळ बसून आतल्या ओळी शोधल्या आणि पट्टी उडवून टाकली. सरांना म्हटलं, "विकतच्या वस्तूत हे जमलं नसतं, सर." सर म्हणाले, "शाब्बास." त्या शाब्बासकीवर मी आळेफाट्यापर्यंत शीळ घालत गेलो.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. सर दर संकष्टीला दुपारी स्कूटरवरून ओझरला जात, विघ्नहराचं दर्शन घेत आणि चारला फळ्यापुढं उभे राहत ते कपाळावर शेंदराचा ठसठशीत टिळा घेऊन. फळ्यावर तारीख ते कधी लिहीत नसत. फळा लहान, तारखेला जागा कशाला, म्हणायचे. आमच्या घरात संकष्टी नाही, एकादशी नाही, कुठली तिथी कधी येते ते मला आजही कॅलेंडर बघितल्याशिवाय कळत नाही. टिळा दिसला की सर ओझरला जाऊन आले, एवढंच मी समजायचो.

पहिल्या वर्षी आण्याची पोरं गणितात अशी पास झाली की गावानं आमचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं. सर भाषणात म्हणाले, "मी फक्त उभा राहिलो. हे यंत्र ह्या माझ्या विद्यार्थ्यानं केलं, आणि ह्याच्यात लपवाछपवी कायबी न्हाई." माझाच सिद्धांत माझ्यावरच परत आला. आई पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होती.

दुसऱ्या वर्षीच्या दहावीत एक मुलगी होती. टाइप करण्यात तिचा हात सगळ्यांत चपळ, म्हणून वर्गानं कीबोर्ड तिच्याकडं देऊन टाकला होता. मी डिश वळवायला वर गेलो की ती हटकून भेटायची. एकदा म्हणाली, "दादा, सरांना सांगा, जरा सावकाश शिकवा. माझी ताई गणितातच गेली व्हती. तिचं लगीन लावून दिलं. मीबी गेले तर मामाकडचं स्थळ तयारच हाय." तिनं हे हसत सांगितलं, पण हात कीबोर्डवरून काढले नाहीत. मी सरांना निरोप दिला. सर म्हणाले, "ती होय? लई डोकं चालतं पोरीचं. तिला मी काठावर नाही, वर काढतो." दिवाळीपर्यंत सर तिचा प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवत आणि प्रत्येक पायरी सांगत.

चारला माझ्याही क्लासची बॅच असायची, त्यामुळं तास चालू असताना मी सहसा राजुरीला नसायचो. जानेवारीत एकदा काकूंचा फोन आला, की सर्व्हरला जोडलेला बॅटरीचा डबा सारखा टी-टी करतोय. बॅच रद्द करून मी गेलो. चार वाजून गेले होते. पुढच्या खोलीचं दार उघडंच होतं, सर्व्हरच्या पडद्यावर सर त्रिकोण काढत होते, आवाज येत होता. मी सवयीनं चप्पल काढून दबक्या पावलांनी आत शिरलो, तासात व्यत्यय नको म्हणून.

फळ्यापुढं कुणी नव्हतं. फळा कोरडा होता, नुसता कोरडा नाही, त्यावर धूळ होती.

काकू पदराला हात पुसत आल्या. "आलास का? बघ बाबा, सारखं वराडतंय." मी विचारलं, "काकू, सर कुठंत?" त्या म्हणाल्या, "आळेफाट्याला. त्यांचा क्लास असतो न्हाई का ह्या टायमाला, इंग्लिश मिडियमच्या पोरांचा? दिवाळीपासनं जात्यात की. तुझ्याच तिकडं हाय, तुला म्हाईत न्हाई व्हय?" काकूंनी भिंतीवरच्या कागदाकडं बोट केलं, माझ्याच अक्षरातल्या. "चार वाजले की हे बटन दाबायचं, एवढं मला सांगून ठेवलंय. मी दाबते आन् चहाला लागते. तू लई सोपं करून ठेवलंस बघ."

त्या बाईंच्या चेहऱ्यावर कपटाचा लवलेश नव्हता. त्यांना वाटत होतं, ही मीच केलेली सोय आहे. त्यांनी मला चहा दिला आणि मी तो प्यायलो.

मग मी सर्व्हरपुढं बसलो. वरून आलेला प्रत्येक प्रश्न सर्व्हर वेळेसकट साठवून ठेवायचा, तो माझ्याशिवाय कुणाला उघडता येत नसे, आणि मीही कधी बघितला नव्हता. दिवाळीनंतरचे सगळे तास मागच्या वर्षीचे होते. पुस्तक तेच, शर्ट तोच पांढरा. खाली ओळीनं त्या मुलीचे प्रश्न. "सर, इथं वजा का झालं?" "सर, दुसरी पायरी परत सांगाल का?" "सर, माझा प्रश्न दिसतोय का?" कुठल्याही प्रश्नाला उत्तर नाही. फक्त एके दिवशी प्रश्नाखाली तिनंच लिहिलं होतं, "धन्यवाद सर. आता कळलं." हे कसं, म्हणून मी त्या दिवशी चालवलेलं रेकॉर्डिंग काढलं. तिचा प्रश्न आला त्याच मिनिटाला पडद्यावरचे सर म्हणत होते, "हां, परत सांगतो, नीट बघ." ते मागच्या वर्षीच्या कुठल्या तरी पोराला सांगत होते. हिला वाटलं, आपल्यालाच.

मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो. आयुष्यात मला कुणी फसवलं नाही असं नाही. पुण्यात घरमालकानं फसवलं, एका भागीदारानं फसवलं. त्या वेळी शिव्या देऊन मोकळा झालो होतो. इथं तोंडात शिवीच येईना. पडद्यावर सर बोलत होते, आणि ज्या आवाजानं मला घडवलं तोच तो आवाज होता.

तिची शेवटची ओळ संक्रांतीच्या आधीची होती. "सर, आज संकष्टी नाही." एवढंच. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून बघितलं, त्या दिवशी सप्तमी होती. रेकॉर्डिंग लावलं, सरांच्या कपाळावर शेंदराचा टिळा होता. त्या ओळीनंतर वर्गातल्या इतर पोरांचे "नमस्कार सर" तेवढे होते. तिचा एकही प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना ओट्यावर गाठलं. ते स्कूटर पुसत होते. मला बघून म्हणाले, "काकू म्हणाली, तू येऊन गेलास." आणि पुसत राहिले. मी म्हटलं, "सर, दिवाळीपासून?" सर म्हणाले, "हे बघ, गणित बदललं का? त्रिकोणाचे तीन कोन मागच्या वर्षी एकशे ऐंशी व्हते, ह्या वर्षीबी तेवढेच. मी तिथं उभा असलो काय, नसलो काय, पोरांना तेच दिसतंय."

"पोरं प्रश्न विचारतायत, सर."

"पुस्तकात उत्तरं हायेत."

"त्या मुलीला तुम्ही वर काढणार होतात."

सरांनी फडका झटकला. "अरे, जन्मभर खेड्यातल्या पोरांपुढं घसा फोडला. आता चार पोरं समोर बसत्यात, मान हालवत्यात, दिसत्यात मला. त्या कॅमेऱ्यापुढं बोलायचं म्हंजे विहिरीत तोंड घालून बोलल्यागत वाटतं. तुला न्हाई कळायचं."

खरं सांगायचं तर ते मला कळलं. त्यांनी हे आधी येऊन सांगितलं असतं तर मी काही तरी केलं असतं, हेडमास्तरांशी बोललो असतो, स्वतः उभा राहिलो असतो. पण न सांगता बायकोला बटण दाबायला लावायचं? मी म्हटलं, "सर, ही पायरी तुम्ही गाळलीत." मला वाटलं होतं, हे वाक्य त्यांना लागेल. घरून येतानाच मी ते घोकून आलो होतो.

सर शांतपणे म्हणाले, "आणि पट्टी कुणी काढली?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मी इचारलं. काढली तू. तवा तर लई खूश व्हतास."

त्यांनी स्कूटरला किक मारली. काकू आतून म्हणाल्या, "अरे, पोहे टाकलेत, थांब की." मी थांबलो नाही. आत जाऊन तारा सोडवल्या, सर्व्हर उचलला आणि मोटरसायकलला दोरीनं बांधून घरी आणला. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना कोण काय सांगणार होतं, मला माहीत नाही. आईनं विचारलं, "बिघडलं का रं?" मी हो म्हटलं. आई गेली तोवर सरांना देव मानायची, आणि मी मानू दिलं.

त्याच दुपारी मी आण्याला गेलो. हेडमास्तरांना सगळं सांगितलं. ते डोक्याला हात लावून बसले, मग म्हणाले, "पोरांना तुमीच सांगा राव. मला न्हाई जमायचं." मी वर्गात जाऊन सांगितलं, की दिवाळीपासून पडद्यावर दिसत होते ते सर नव्हते, मागच्या वर्षीचं रेकॉर्डिंग होतं. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एक जण हसला, त्याचं बघून आणखी दोघं हसले. ती हसली नाही आणि तिला नवलही वाटलं नाही.

तास सुटल्यावर मी तिला थांबवलं. "तुला कळलं होतं ना? टिळ्यावरून?"

"आमची आई संकष्टी धरती," ती म्हणाली. "त्या दिवशी आई जेवली व्हती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगायचं?"

"मला सांगायचं. मी आठवड्याला येत होतो की इथं, डिश वळवायला."

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला अजून पुरतंय. म्हणाली, "मला वाटलं, तुमाला ठावंच असंल. मशीन तर तुमचंच व्हतं. दोघांनी मिळून ठरवलं असंल, असं वाटलं." मग दप्तर उचलून गेली. एरवी ती मला दादा म्हणायची. त्या दिवशी काहीच म्हणाली नाही.

मी तिला सांगू शकलो असतो, की मला माहीत नव्हतं, माझी शपथ. पण पट्टीचं काय सांगणार होतो? मी घरोघरी ओरडत फिरलो होतो, की ह्यात झाकायला काही जागाच नाही. जागा मीच करून दिली होती, तीही शाब्बासकीसाठी. सरांनी मला फसवलं आणि तिला मी फसवलं, असं तिच्या बाजूनं दिसत होतं. तिथं बसून बघितलं असतं तर मलाही तसंच दिसलं असतं.

परीक्षेला दीड महिना होता. चारची बॅच बंद करून मी आठवड्यातून चार दिवस मोटरसायकलवर घाट चढायला लागलो. मी काही गणिताचा मास्तर नव्हे. आदल्या दिवशी घरी बसून सरांचीच रेकॉर्डिंगं बघायचो, पायऱ्या वहीत उतरवून घ्यायचो आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्याच मांडायचो. दुसरं कुणाकडून शिकलोच नव्हतो, करणार काय. पोरं हळूहळू माझ्यावर ओरडायला लागली, "सर, परत सांगा", "सर, खडू दिसंना", आणि मला बरं वाटायला लागलं. ती पहिल्या बाकावर बसायची. सगळं उतरवून घ्यायची, एक दिवस चुकली नाही. दर तासाच्या शेवटी मी तिच्याकडं बघून विचारायचो, "काही अडलंय का?" ती मान हलवायची, "न्हाई."

ती गणितात पास झाली. चांगली झाली. ताईसारखं तिचं झालं नाही, पुढं शिकायला ती खाली आली, हे मला हेडमास्तरांकडून कळलं. पण मला आठवतो तो परीक्षेच्या आधीचा शेवटचा तास. वर्तुळाचं गणित चालू होतं. मी फळ्यावर एक पायरी घाईत गाळून पुढं गेलो होतो, आणि माझ्या लक्षात यायच्या आत मला तिची कुजबूज ऐकू आली. "मधली पायरी कुठं गेली गं?" प्रश्न अगदी बरोबर होता. मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो, आणि तिनं तो शेजारणीला विचारला.